ड्रायव्हर अपडेट फसला आणि दुकानाच्या कॉम्प्युटरचं वायफाय गेलं? फॉरमॅट मारण्याआधी हे करा



आपल्या चॅनेलवर आपण भांडवल, किंमत ठरवणं, उधारी वसुली, जीएसटी अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण थेट गल्ल्याशी जोडलेला आहे. दर बॅचमध्ये हा प्रश्न कुणीतरी विचारतंच: "सर, काल कॉम्प्युटर नीट चालत होता. रात्री कसलं तरी अपडेट आलं आणि सकाळपासून वायफायच दिसत नाहीये. दुकानात आलेला माणूस म्हणतोय, फॉरमॅट मारावं लागेल. मारू का?"

माझं उत्तर ठरलेलं आहे: थांबा. दहातल्या बऱ्याच केसेसमध्ये फॉरमॅटची गरजच नसते. बिघाड विंडोजमध्ये नसतो, एका छोट्या फाईलमध्ये असतो. ती फाईल बदलली की काम झालं. फॉरमॅट मारला तर मात्र टॅलीचा डेटा, बिलांचे एक्सेल, डिझाईनच्या फाईली, प्रिंटरची सेटिंग हे सगळं धोक्यात येतं. व्हिडिओमध्ये स्क्रीनवर सगळं दाखवलंय. इथे तेच क्रमाने लिहून देतोय, म्हणजे वेळ आली की मोबाईलवर हा लेख उघडा आणि एकेक पायरी करत जा.

आधी समजून घ्या: ड्रायव्हर म्हणजे काय?

आपल्या सोलापुरात एकाच दुकानात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी गिऱ्हाईकं येतात. तुम्हाला तेलुगू येत नसेल तर मध्ये एक दुभाषा लागतो. गिऱ्हाईकही तेच, माल पण तोच, पण दुभाषा रजेवर गेला की व्यवहार अडतो.

ड्रायव्हर म्हणजे असा दुभाषा. विंडोज एक भाषा बोलतं, वायफायचं कार्ड दुसरी. मध्ये ड्रायव्हर नावाचं छोटं सॉफ्टवेअर असतं, ते दोघांचं एकमेकांना समजावतं. अपडेट म्हणजे जुना दुभाषा काढून नवा बसवणं. नवा दुभाषा चुकीचा आला किंवा अर्धवट बसला तर कार्ड चांगलं असूनही विंडोजला ते दिसत नाही.

अपडेट फसण्याची नेहमीची कारणं चार:

१. अपडेट चालू असताना लाईट गेली आणि यूपीएस नव्हता.
२. विंडोजने आपणहून एक सर्वसाधारण ड्रायव्हर टाकला, जो तुमच्या कार्डाशी नीट जुळला नाही.
३. "तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करा" असं सांगणारं फुकट सॉफ्टवेअर कुणीतरी टाकलं.
४. विंडोज नवं, कार्ड जुनं, आणि कंपनीने त्या जुन्या कार्डासाठी नवा ड्रायव्हर काढलेलाच नाही.

आणि हे फक्त आपल्यासारख्या छोट्या दुकानात होतं असं समजू नका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट जगभर गेलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तेव्हा अपडेट फसणं ही लाजेची गोष्ट नाही. फसल्यावर काय करायचं ते माहीत नसणं महाग पडतं.

पायरी ०: धंदा आधी, दुरुस्ती नंतर

काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना कॉम्प्युटर उघडून बसायचं नाही. आधी नेट दुसऱ्या मार्गाने चालू करा. सगळ्यात सोपा मार्ग तुमच्या खिशात आहे.

अँड्रॉइड मोबाईल घ्या. चार्जिंगची केबल कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टला लावा. केबल डेटा जाणारी हवी. काही स्वस्त केबल फक्त चार्ज करतात. मोबाईलच्या सेटिंगमध्ये "हॉटस्पॉट अँड टेदरिंग" मध्ये जाऊन "यूएसबी टेदरिंग" चालू करा. अर्ध्या मिनिटात कॉम्प्युटरवर नेट येतं. हे चालतं कारण इथे वायफायचं कार्ड वापरलंच जात नाही, कॉम्प्युटर मोबाईलला तारेचं नेटवर्क समजतो. आयफोनला मात्र त्याचं वेगळं सॉफ्टवेअर आधी टाकलेलं लागतं, त्यामुळे घरात कुणाचा तरी अँड्रॉइड असेल तर तो वापरा.

एक काळजी घ्या. विंडोज लगेच मागचे राहिलेले अपडेट ओढायला लागेल आणि दिवसाचा डेटा तासात संपेल. म्हणून सेटिंगमध्ये "नेटवर्क अँड इंटरनेट" मध्ये जाऊन या कनेक्शनला "मीटर्ड कनेक्शन" करा.

राऊटर जवळच असेल तर आणखी सोपं: राऊटरपासून लॅनची वायर आणून डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला लावा. सुंठीवाचून खोकला गेला!

आता निवांत दुरुस्तीला बसा.

पायरी १: दोष नेमका कुणाचा?

तीन तपासण्या करा, दोन मिनिटांचं काम आहे.

पहिली: तुमचा मोबाईल त्याच वायफायवर चालतोय का? मोबाईललाही नेट मिळत नसेल तर प्रश्न राऊटरचा किंवा नेट देणाऱ्याचा आहे. कॉम्प्युटरला हात लावू नका.

दुसरी: कॉम्प्युटरवर वायफायची नावं दिसतात, पण जोडलं जात नाही? मग ड्रायव्हर बहुधा ठीक आहे. ते नेटवर्क "फर्गेट" करा, पासवर्ड पुन्हा टाका.

तिसरी: वायफायचं बटणच गायब आहे, सेटिंगमध्ये वायफाय हा पर्यायच नाही, फक्त गोल पृथ्वीसारखं चिन्ह दिसतंय? मग हा लेख तुमच्यासाठीच आहे.

पायरी २: पूर्ण बंद करून चालू करा (होय, पण नीट)

तुम्ही म्हणाल, हे तर शेंबडं पोरगंही सांगेल. पण यात एक मेख आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये "फास्ट स्टार्टअप" नावाची सोय असते. ती चालू असताना तुम्ही "शट डाउन" केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, तो झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तसाच उठवला जातो. म्हणजे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहतो. म्हणून "शट डाउन" नाही, "रीस्टार्ट" करा. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

त्याने झालं नाही तर कॉम्प्युटर बंद करा, मागचा पॉवर स्विच बंद करा, वायर भिंतीतून काढा. मग पुढचं पॉवर बटण १५-२० सेकंद दाबून धरा. आत राहिलेला करंट उतरतो आणि कार्ड कोऱ्या अवस्थेत येतं. वायर लावून पुन्हा चालू करा.

पायरी ३: डिव्हाइस मॅनेजरमध्ये काय दिसतंय ते वाचा

खाली स्टार्टच्या चिन्हावर उजवं क्लिक करा आणि "डिव्हाइस मॅनेजर" उघडा. ही तुमच्या कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांची हजेरी-वही आहे. त्यात "नेटवर्क अडॅप्टर्स" उघडा. ज्या नावात वायरलेस, वायफाय किंवा ८०२.११ असं लिहिलंय ते तुमचं कार्ड.

आता काय दिसतं त्यावर पुढचं ठरतं:

• नावावर खाली जाणारा बाण आहे: कार्ड फक्त बंद केलेलं आहे. उजवं क्लिक, "एनेबल". संपलं.

• नावावर पिवळा त्रिकोण आहे: ड्रायव्हर बिघडलाय. नावावर डबल क्लिक करा, समोर एक कोड नंबर दिसेल. कोड १० म्हणजे कार्ड सुरू होऊ शकत नाही. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड ४३ म्हणजे कार्डाने अडचण कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं. हा नंबर वहीत लिहून ठेवा, कुणाला मदत मागायची वेळ आली तर उपयोगी पडतो.

• कार्डाचं नावच नाही, पण खाली "अदर डिव्हायसेस" मध्ये "नेटवर्क कंट्रोलर" दिसतंय: कार्ड जिवंत आहे, दुभाषा नाही. थेट पायरी ६ वर जा.

• कुठेच काही नाही: वर "व्ह्यू" मध्ये "शो हिडन डिव्हायसेस" करून बघा. तरीही नसेल तर पायरी ९ बघा.

पायरी ४: जुना ड्रायव्हर परत आणा

सगळ्यात जास्त वेळा काम इथेच होतं. कार्डाच्या नावावर उजवं क्लिक, "प्रॉपर्टीज", मग वर "ड्रायव्हर" ही टॅब. त्यात "रोल बॅक ड्रायव्हर" असं बटण असतं. ते दाबा, कारण विचारलं तर कुठलंही निवडा, "येस" म्हणा आणि रीस्टार्ट करा. विंडोज नवीन ड्रायव्हर टाकताना आधीचा सांभाळून ठेवतं, ते बटण तो परत बसवतं.

बटण पुसट आहे, दाबलं जात नाही? मग त्याच टॅबमध्ये "अपडेट ड्रायव्हर" दाबा. घाबरू नका, आपण नवा आणत नाही. "ब्राउझ माय कॉम्प्युटर" निवडा, मग खालचा "लेट मी पिक फ्रॉम अ लिस्ट" हा पर्याय. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासून असलेल्या ड्रायव्हरची यादी येईल. बऱ्याचदा एकाच कार्डाच्या नावाच्या दोन-तीन ओळी असतात, आवृत्तीचा आकडा वेगळा. सगळ्यात मोठा आकडा सोडा, त्याच्या खालचा निवडा, "नेक्स्ट" करा.

पायरी ५: काढून टाका आणि विंडोजला पुन्हा शोधू द्या

त्यानेही झालं नाही तर नावावर उजवं क्लिक करून "अनइन्स्टॉल डिव्हाइस". इथे एक छोटा चौकोन येतो, ड्रायव्हरचं सॉफ्टवेअरही काढायचं का असं विचारणारा. पहिल्या वेळी तो चौकोन रिकामा ठेवा, अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा. अर्धवट बसलेला ड्रायव्हर पुन्हा नीट बसला तर काम झालं.

नाही झालं तर पुन्हा तेच, पण या वेळी चौकोनात टिक करा, म्हणजे बिघडलेला ड्रायव्हर मुळापासून जाईल. टिक करण्याआधी एकच अट: हातात दुसरा चांगला ड्रायव्हर किंवा मोबाईलचं नेट तयार हवं. म्हणूनच पायरी ० आधी केली.

पायरी ६: योग्य ड्रायव्हर योग्य जागेवरून आणा

लोक इथेच सगळ्यात जास्त फसतात. गुगलवर "वायफाय ड्रायव्हर डाउनलोड" असं टाकलं की ढीगभर साईट येतात. त्यातल्या कित्येक तुमच्याकडून पैसे किंवा माहिती काढायलाच बसलेल्या असतात. ज्या कॉम्प्युटरवर तुमचं नेट बँकिंग आणि डिजिटल सही चालते, त्यावर असलं काही टाकायचं नाही.

ब्रँडेड डेस्कटॉप असेल, म्हणजे डेल, एचपी, लेनोवो वगैरे, तर डब्यावरच्या स्टिकरवर सिरियल नंबर असतो, डेल त्याला सर्व्हिस टॅग म्हणतं. कंपनीच्या अधिकृत साईटवर "सपोर्ट" मध्ये तो नंबर टाका. फक्त तुमच्या मशीनचे ड्रायव्हर समोर येतात.

असेंबल केलेला असेल, आणि आपल्याकडे छोट्या दुकानांत बहुतेक असेच असतात, तर स्टार्टमध्ये "सिस्टीम इन्फर्मेशन" शोधून उघडा. त्यात "बेसबोर्ड प्रॉडक्ट" समोर मदरबोर्डचं मॉडेल दिसेल. वायफाय मदरबोर्डवरच असेल तर बोर्डाच्या कंपनीच्या साईटवर ड्रायव्हर मिळतो. वेगळं कार्ड किंवा यूएसबीचा डोंगल असेल तर त्याच्या बॉक्सवर किंवा अंगावर मॉडेल नंबर असतो.

काहीच कळत नसेल तर कार्डाची जात ओळखायची एक युक्ती आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नावावर डबल क्लिक, "डिटेल्स" टॅब, आणि वरच्या यादीतून "हार्डवेअर आयडीज" निवडा. आतल्या कार्डासाठी "व्हेन" या तीन अक्षरांनंतर चार खुणा येतात. ८०८६ असेल तर कार्ड इंटेलचं. १०ईसी असेल तर रिअलटेकचं. १४सी३ असेल तर मीडियाटेकचं. १६८सी असेल तर क्वालकॉम अथेरॉसचं. यूएसबी डोंगलला "व्हीआयडी" नंतर ०बीडीए असेल तर तो रिअलटेकचा. स्क्रीनवर हे इंग्रजी अक्षरांत दिसेल, जुळवून बघा.

स्वस्त डोंगलची एक गंमत सांगतो. काही डोंगल लावल्यावर "धिस पीसी" मध्ये सीडी ड्राइव्हसारखे दिसतात. तो बिघाड नाही. ड्रायव्हर त्या डोंगलच्याच पोटात ठेवलेला असतो. ती सीडी उघडून आतलं सेटअप चालवा, डोंगल आपल्या मूळ रूपात येतो.

ड्रायव्हरची फाईल झिप असेल तर आधी उजवं क्लिक करून "एक्स्ट्रॅक्ट ऑल" करा, मग सेटअप चालवा. सेटअप नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून "अपडेट ड्रायव्हर", "ब्राउझ माय कॉम्प्युटर" करून ते फोल्डर दाखवा. नवीनातला नवीन ड्रायव्हरच हवा असा हट्ट नको. अपडेट फसण्याआधी जो चालत होता, तोच सगळ्यात चांगला.

पायरी ७: सिस्टीम रिस्टोअर

स्टार्टमध्ये "रिकव्हरी" शोधा आणि "ओपन सिस्टीम रिस्टोअर" निवडा. अपडेटच्या आधीची एखादी तारीख यादीत असेल तर ती निवडा. तुमच्या फाईली, फोटो, एक्सेल याला हात लागत नाही. मात्र त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर निघून जातात. यादी कोरी असेल तर ही सोय तुमच्या कॉम्प्युटरवर बंद होती. ती पुढच्यासाठी चालू करून ठेवा, खाली सांगतोच.

पायरी ८: नेटवर्क रिसेट, पण आधी वही काढा

विंडोज ११ मध्ये "नेटवर्क अँड इंटरनेट", मग "अॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज", मग "नेटवर्क रिसेट". विंडोज १० मध्ये हा पर्याय "नेटवर्क अँड इंटरनेट" च्या "स्टेटस" पानावर खाली असतो. हे सगळी नेटवर्क कार्डं काढून नव्याने बसवतं.

घरच्या कॉम्प्युटरला हे सहज करता येतं, दुकानात जपून. वायफायचे पासवर्ड जातात. हाताने टाकलेला आयपी पत्ता जातो. दोन कॉम्प्युटरवर एकच टॅली चालत असेल किंवा बिलाचा प्रिंटर नेटवर्कवर असेल तर तो पत्ता गेला की नवीनच दुखणं सुरू होतं, आगीतून फुफाट्यात. म्हणून आधी नेटवर्कच्या माहितीच्या पानाचा मोबाईलने फोटो काढा, मगच बटण दाबा.

याच पायरीत आणखी एक गोष्ट बघा. स्टार्टमध्ये "सर्व्हिसेस" शोधून उघडा आणि "डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग" ही ओळ शोधा. ती "रनिंग" आणि "ऑटोमॅटिक" असायला हवी. बंद असेल तर "स्टार्ट" करा. ही सेवा बंद असली की ड्रायव्हर चांगला असूनही वायफायची नावं दिसत नाहीत.

पायरी ९: कार्डच गेलं असेल तर

डोंगल असेल तर तो मागच्या यूएसबी पोर्टला लावून बघा, मग दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथेही चालत नसेल तर डोंगल गेला. आतलं कार्ड असेल तर कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून, कार्ड जागेवर नीट बसलंय का बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि धुळीत डबा वर्षभर उघडला नाही तर आत काय साचतं ते तुम्हाला माहीतच आहे. मागच्या अँटेना सैल झाल्या असतील तर घट्ट करा.

एवढं करूनही काही दिसत नसेल तर नवा साधा यूएसबी डोंगल घ्या. साधारण पाचशे ते हजार रुपयांत काम होतं. त्यासाठी अख्खा कॉम्प्युटर बदलायची किंवा फॉरमॅट मारायची गरज नाही.

आता धंद्याचं गणित

तुम्ही म्हणाल, सर, आम्ही धंदा करायचा की ड्रायव्हर दुरुस्त करत बसायचं? बरोबर आहे. म्हणून आकडे मांडू.

समजा तुमची महिन्याची विक्री ३ लाख रुपये आहे. महिन्याचे २५ दिवस, रोज १० तास दुकान. म्हणजे महिन्याचे २५० तास, तासाला १,२०० रुपयांची विक्री. नफ्याचं प्रमाण २० टक्के धरलं तर तासाला २४० रुपये. कॉम्प्युटर बंद असल्यामुळे सगळंच गिऱ्हाईक परत गेलं असं धरलं, तर तीन तासांत ७२० रुपये गेले. म्हणजे एका सुट्या डोंगलची किंमत एका बंद सकाळीत वसूल होते. तुमचे आकडे घालून हे गणित स्वतः करून बघा. उत्तर आलं की ठरवा, स्वतः किती वेळ द्यायचा आणि माणूस कधी बोलवायचा. माझा नियम सांगतो: पायरी ६ पर्यंत स्वतः, तेही एका तासात. त्यापुढे जाणकाराला बोलवायचं.

पण खरा फटका विक्रीत नसतो, तारखांत असतो. दर महिन्याला जीएसटी भरणाऱ्याला जीएसटीआर-१ ची तारीख ११ आणि जीएसटीआर-३बी ची २०. ३बी ला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, निल रिटर्न असेल तर २० रुपये, आणि कर थकला तर वर्षाला १८ टक्के व्याज वेगळं. टॉवेल-चादरीचा किंवा युनिफॉर्मचा माल विजयपूर, हैदराबादला पाठवत असाल तर राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गाडी भरून उभी, ड्रायव्हर (म्हणजे खरा, माणूस!) घाई करतोय आणि बिल निघत नाही, अशी वेळ कुणावर येऊ नये. आली तर पायरी ० लक्षात ठेवा. मोबाईलच्या नेटवर बिल काढा, गाडी सोडा, मग कॉम्प्युटरकडे बघा.

माणूस बोलावला तर त्याला हे तीन प्रश्न विचारा

१. "डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोणता कोड दाखवतोय?" याचं उत्तर न देता थेट फॉरमॅटवर येणाऱ्याला थोडं थांबवा.

२. "रोल बॅक करून बघितलं का?"

३. "फॉरमॅट करणारच असाल तर माझ्यासमोर आधी कोणता डेटा, कुठे कॉपी करणार?" टॅलीचा डेटा कितीतरी ठिकाणी सी ड्राइव्हवरच असतो आणि फॉरमॅटमध्ये पहिला तोच जातो. बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन, तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघितल्याशिवाय होकार देऊ नका.

प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला कारागीर अशा प्रश्नांनी खूश होतो, कारण समोरच्याला काम कळतं हे त्याला दिसतं. त्याचे पैसे मात्र घासाघीस न करता द्या. तुमच्या वेळेला किंमत आहे तशी त्याच्या ज्ञानालाही आहे.

पुन्हा असं होऊ नये म्हणून

तहान लागल्यावर विहीर खणायची नाही. एका रविवारी अर्धा तास काढा आणि एवढं करून ठेवा:

• चालू असलेला वायफाय ड्रायव्हर अधिकृत साईटवरून उतरवून एका पेनड्राइव्हवर ठेवा. पेनड्राइव्हवर चिठ्ठी चिकटवा, गल्ल्यात ठेवा.

• स्टार्टमध्ये "क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट" शोधा, सी ड्राइव्हसाठी "प्रोटेक्शन" चालू करा आणि एक पॉइंट बनवा.

• विंडोज अपडेटमध्ये "पॉज" ची सोय आहे. महिन्याच्या १० ते २० तारखेत आणि गड्ड्याची जत्रा, दिवाळी, जूनमधला शाळेचा सीझन अशा गर्दीच्या दिवसांत अपडेट पुढे ढकला. पण कायमचं बंद करू नका, सुरक्षेचे अपडेट हवेतच. अपडेट करायचं तर सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, बॅकअप घेऊन.

• "ऑप्शनल अपडेट्स" मध्ये दिसणारे ड्रायव्हर उगाच टिक करू नका. चालतंय त्याला चालू द्या. अडचण असेल तरच ड्रायव्हर बदलायचा.

• फुकटचे "ड्रायव्हर अपडेटर" काढून टाका.

• कॉम्प्युटर आणि राऊटर दोन्ही यूपीएसवर ठेवा.

• बिलिंगचा डेस्कटॉप रोज एकाच जागी असतो. त्याला वायफाय हवंच कशाला? शक्य असेल तर लॅनची वायर ओढून घ्या. एकदाचा खर्च, रोजची कटकट संपली. वायफाय मोबाईल आणि गिऱ्हाईकासाठी ठेवा.

• अजून विंडोज १० वर असाल तर लक्षात घ्या, मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ वर जायचा विचार असेल तर तुमच्या वायफाय कार्डाचा विंडोज ११ साठी ड्रायव्हर आहे का ते आधी बघा.

मित्रांनो, नवीन धंदा सुरू करताना आपण दुकानाचं भाडं, माल, फर्निचर सगळं मोजतो. कॉम्प्युटर मात्र "आहे तो आहे" म्हणून सोडून देतो. तो पण तुमचा एक कामगार आहे. आजारी पडला तर आधी नाडी बघा, लगेच ऑपरेशन नको.

तुमच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोणता कोड येतोय आणि कोणत्या पायरीवर अडकलाय, ते व्हिडिओखाली लिहा. कार्डाचं नाव आणि विंडोजची आवृत्ती पण लिहा, म्हणजे नेमकं सांगता येईल. पुढच्या भागात टॅली आणि बिलांचा बॅकअप फुकटात, रोज आपोआप कसा घ्यायचा ते बघू. तोपर्यंत तो पेनड्राइव्ह तेवढा तयार करून ठेवा.